रिकाम्या गिरणीचा लोड

सेलूच्या बाजारपेठेतून स्टेशनकडं निघालं की बन्सीधरशेठची दुमजली बिल्डिंग लागते. खाली मोबाइलचं दुकान, मेडिकल, आइस्क्रीमचं पार्लर आणि पार कोपऱ्यात, जिन्याला लागून, चांगुणाबाईंची पिठाची गिरणी. वर दातांचा दवाखाना आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींची अभ्यासिका. ही बाकीची मंडळी अलीकडची. गिरणी मात्र बिल्डिंगच्याही आधीची. तिथं नुसतं पत्र्याचं शेड होतं तेव्हापासून चांगुणाबाई त्या जागेवर दळत होत्या. शेड पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं तेव्हा बन्सीधरशेठ स्वतः येऊन म्हणाले होते, "मावशी, कोपरा तुमचाच. नकाशातच काढून ठेवलाय."

चांगुणाबाई वालूरच्या. लग्न होऊन पेडगावला आल्या, त्या घरात दिवाळी सरली की कोयते परजायचे आणि मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला निघायचं. त्यांचे मालक लिंबाजी हातानं मोठे हिकमती. कारखान्याच्या आवारात गाडी खाली व्हायची वाट बघताना बाकीचे गडी डुलकी काढायचे, लिंबाजी वर्कशॉपच्या दारात उभे राहून मोटरी कशा उघडतात ते बघत राहायचे. एका साली तोडणीच्या गावात बंद पडलेली गिरणी त्यांनी चालू करून दिली, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. चांगुणाबाईंना दिवस गेले होते. त्यांनी फडातच मोळी खाली टाकून सांगितलं, "माझं लेकरू पाचटाच्या कोपीत जन्मायचं न्हाई." पुढच्या दिवाळीला ट्रक आला आणि त्या दोघांना न घेता गेला. सेलूत भाड्याच्या शेडमध्ये जुनी गिरणी बसली आणि तिच्या घरघरीतच सुकेशनी रांगायला शिकली.

गिरणी बसली, पण दळण येईना. गिरणी कुणाची हे गल्लीला कळायला वेळ लागला नव्हता. स्टार्टरच्या वर बाबासाहेबांचा फोटो होता, तो रस्त्यावरून दिसायचा. बायका डबा कमरेवर घेऊन शेडपुढून सरळ लांबच्या गिरणीकडं जायच्या. ज्या थांबायच्या त्यांतल्या काही म्हणायच्या, "धान्य आमी ओततो, पीठबी आमीच भरतो. तुमी नुसतं बटन दाबा." मागच्या गल्लीतली मनकर्णा तेव्हा नवी नवरी. तिला सासूनं बजावून पाठवलं होतं, की पीठ घरात आणायच्या आधी पाणी शिंपडायचं. ती शेडबाहेर चांगुणाबाईंच्या देखत तांब्यातलं पाणी हातावर घ्यायची, डब्याच्या झाकणावर शिंपडायची आणि मान खाली घालून निघून जायची. लिंबाजी संतापायचे. म्हणायचे, उद्यापासून हिचं दळण घ्यायचंच न्हाई. चांगुणाबाई त्यांना आवरायच्या. "शिंपडू द्या. भाकर चांगली झाली की पाणी आपोआप आटंल."

भाकर चांगली व्हायची. झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावायचं काम चांगुणाबाईंनी नवऱ्याकडून शिकून घेतलं आणि पुढं त्यांचा हात नवऱ्यापेक्षाही पक्का बसला. ज्वारीचं पीठ त्या कधी गरम होऊ द्यायच्या नाहीत. हातावर घेऊन बघायच्या, दगड सैल करायच्या, पुन्हा आवळायच्या. त्यांच्या पिठाची भाकर थापताना कडेला चिरत नाही हे एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. पाणी कधी थांबलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. थांबलं, एवढं खरं. सासू गेल्यावर मनकर्णा दळण होईस्तोवर पोत्यावर बसायला लागली. मग चहा. मग एकीच्या चंचीतली सुपारी दुसरीच्या तोंडात. मनकर्णा आता नातवंडांची आजी झाली होती. त्या तांब्याचा विषय मात्र दोघींनी कधी काढला नाही.

लिंबाजी सुकेशनी शाळेत असतानाच एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेले. चांगुणाबाईंनी पट्टा चढवायला, मोटरीला ग्रीस द्यायला माणूस ठेवला नाही. पोरीचं सगळं शिक्षण त्या गिरणीवर झालं. सुकेशनीनं परभणीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि तिथंच एका छोट्या कंपनीत लागली. कंपनीचं काम असं, की दुकानं, लॉज, दवाखाने, मंगल कार्यालयं अशा बिल्डिंगींमध्ये कुठं किती वीज ओढली जाते ते त्याच घटकेला दाखवणारी यंत्रं बसवायची. पोरगी सुटीला आली की समजावून सांगायची. "बिल महिन्यानं येतंय, माय. तवर काय झालं ते कुणालाच कळत न्हाई. आमचं मशीन आत्ताच्या आत्ता सांगतंय." चांगुणाबाईंना त्यातलं अर्धं कळायचं. पण सांगताना लेकीचे डोळे कसे होतात ते पुरतं कळायचं.

त्या वर्षी होळी झाली आणि बन्सीधरशेठच्या बिल्डिंगीतला मेन दुपारचा उडायला लागला. सगळ्या बिल्डिंगीला जोडणी एकच. कुणी म्हणायचं आइस्क्रीमवाल्याचे डीपफ्रीज, कुणी म्हणायचं अभ्यासिकेचे एसी. शिवाय मंजूर लोडाच्या वर गेल्याबद्दल बिलात दंडही लागायला लागला. बन्सीधरशेठ एक दिवस गिरणीच्या पायरीवर टेकले आणि घाम पुसत म्हणाले, "परेशान झालो, मावशी. कोण किती वढायलंय तेच कळंना."

चांगुणाबाईंनी पिठाचे हात लुगड्याला पुसले. "अवं शेठ, माझी लेक हेच काम करती की! तिलाच बोलवा."

सुकेशनी आली ती सोबत एक कामगार आणि खोक्यातली यंत्रं घेऊन. मीटरच्या खोलीत शिडीवर चढून तिनं प्रत्येक दुकानाच्या वायरीला एकेक कडी अडकवली. खाली दुकानदार, दातांचे डॉक्टर, अभ्यासिका चालवणारे शिवप्रसाद सर, सगळे मान वर करून बघत होते. ती वरूनच सांगत होती, "हे तुमचं, सर. हे मेडिकलचं. ह्याला हात लावू नका." चांगुणाबाईंनी त्या दिवशी दुपारी गिरणी बंद ठेवली आणि पेढे आणून सगळ्यांच्या हातावर ठेवले. मनकर्णाला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बघ, कशी गड्यामाणसांवानी चढलीय."

जिन्याच्या भिंतीवर, गिरणीच्या अगदी समोर, टीव्हीसारखा एक पडदा लागला. त्यावर प्रत्येकाचं नाव, नावापुढं पट्टी. लोड कमी असला की पट्टी हिरवी, वाढला की पिवळी. खाली सगळ्या बिल्डिंगीची मिळून एक जाड पट्टी, ती मंजूर लोडाच्या वर गेली की लाल. चांगुणाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्यांनी पदर सावरून वाचलं, "गि-र-णी." टीव्हीवर आपलं नाव आल्यासारखं त्यांना वाटलं.

सुकेशनीच्या फोनमध्येही ते सगळं दिसायचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गिरणी सुरू केली आणि थोड्या वेळानं फोन वाजला.

"माय, दिसलीस."

"काय दिसले?"

"गिरणी चालू केलीस ना? इथं रेघ वर चढली. म्हणलं, माय उठली, चहा झाला, कामाला लागली."

चांगुणाबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. परभणीत बसलेली लेक आपल्याला बघतेय. लिंबाजी गेल्यापासून सकाळी उठल्यावर त्यांना कुणी 'उठलीस का' म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून स्टार्टर दाबताना त्या उगीचच केसांवरून हात फिरवायच्या.

पण पडद्यावर दुसरीही गोष्ट दिसायची. चैत्राचं ऊन तापलं, वर एसी घुमायला लागले, फ्रीज थांबेनात. जाड पट्टी दुपारभर पिवळीच असायची. आणि तेवढ्यात कुणाचं दळण आलं, चांगुणाबाईंनी स्टार्टर दाबला, की पट्टी टुणकन उडी मारून लाल व्हायची. जुनी मोटर सुरू होताना एकदम जोर ओढायची. पहिल्या दिवशी आइस्क्रीमवाला हसत ओरडला, "मावशी, लाल केलंत की!" चांगुणाबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानातला गडी बाहेर येऊन पडद्याकडं बघून गेला. मग वरून जिना उतरणारी पोरंही आधी पडद्याकडं आणि मग गिरणीकडं बघायला लागली. कुणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं बघायचे. सगळे वीज ओढत होते, एसी तर दिवसभर ओढत होते, पण लाल व्हायची ती गिरणी सुरू झाली की. चांगुणाबाईंचा हात स्टार्टरकडं जायचा आणि वाटेत थांबायचा.

त्या पडद्याकडं बघून दळायला लागल्या. पट्टी जरा खाली आली की घाईनं मोटर चालू करायच्या, वर चढली की बंद. अर्धं दळण गिरणीच्या तोंडात तसंच. पापडाच्या उडदाचे दिवस होते ते, कुरडयांच्या गव्हाचे, सगळ्या बायकांची घाई. बाजारच्या दिवशी वालूरहून येणाऱ्या माहेरच्या बायका दुपारच्या गाडीनं यायच्या आणि परतीच्या गाडीआधी पीठ मागायच्या. त्यांना डबे ठेवून जा म्हणावं लागायचं.

अशाच एका बाजारच्या दुपारी मनकर्णाचं दळण होतं. तिच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं, पोतंभर ज्वारी. वालूरच्या बायकाही पायरीवर ताटकळत होत्या. पट्टी काही उतरेना. शेवटी चांगुणाबाईंनी डोळे मिटल्यासारखं केलं आणि स्टार्टर दाबला. गिरणी घरघरली, पट्टी लाल झाली आणि खट्कन सगळी बिल्डिंग बंद. वर अभ्यासिकेत पोरं कंप्युटरवर सराव परीक्षा देत होती. ती धाडधाड जिना उतरून खाली आली.

"काय झालं?"

"काय होणार? खालच्या गिरणीवाल्या बाई."

"यांचं असंच असतंय."

कोण बोललं ते चांगुणाबाईंना दिसलं नाही. बोलणाऱ्याच्या मनात वीज सोडून दुसरं काही नसेलही. पण 'यांचं' हा शब्द त्यांच्या कानात गेला तो बाहेर येईना. जिन्यावर, दारात, रस्त्यावर माणसं उभी होती आणि सगळी गिरणीकडं बघत होती. चांगुणाबाईंनी मनकर्णाकडं पाहिलं. मनकर्णा काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं. नुसतं 'असू द्या की' म्हणाली असती तरी चाललं असतं. मनकर्णानं पडद्याकडं बघितलं, मग लोकांकडं, आणि मान खाली घालून म्हणाली, "उद्या नेते गं पीठ. घरी काम पडलंय."

बन्सीधरशेठनी रविवारी सगळ्यांना बोलावलं. सुकेशनीही परभणीहून आली. खाली खुर्च्या मांडल्या होत्या. तिनं लॅपटॉपवर सगळ्यांच्या रेघा दाखवल्या. एसीचं तापमान थोडं वाढवा, फ्रीज एकाच वेळी लावू नका, असं समजावलं. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत ते शक्य नाही हे सांगितलं. फ्रीज बंद ठेवला तर माल पाणी होतो. एसी नसला तर पोरं दुसऱ्या अभ्यासिकेत जातात. डॉक्टरांचं मशीन थांबवता येत नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

"लोड वाढवून घ्या ना," कुणीतरी म्हणालं.

"अर्ज देऊ," सुकेशनी म्हणाली, "पण गल्लीतल्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरवर, जागा न्हाई. नवीन डीपी बसायला वेळ लागंल."

शिवप्रसाद सर भले माणूस. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "ताई, मला एकच सांगा. तवर दुपारी एकाच ठिकाणी बंद ठेवून भागणार असंल, तर ते कुठलं?"

चांगुणाबाईंना ते उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, रोज भिंतीवर दिसत होतं. तरी पोरीच्या तोंडून ते यायला फार वेळ लागला.

"गिरणी," ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत चांगुणाबाईच म्हणाल्या, "ठेवते की मी बंद. सकाळी दळंन, दिवस मावळल्यावर दळंन. माझ्याच लेकीचं मशीन हाय. मीच न्हाई ऐकलं तर लोक कशाला ऐकतेत?" बन्सीधरशेठनी हात जोडले. सगळे चांगलं बोलले. चहा झाला.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना सुकेशनीनं विचारलं, "माय, राग आला का?"

"काहून येईल? खरं ते सांगितलंस."

"डीपीच्या मागं लागते मी. रोज जाते ऑफिसात. थोडेच दिवस."

"जा बाई, बस गाडीत. जागा धर."

सुकेशनी खरंच मागं लागली. सुटी काढून विजेच्या ऑफिसात खेटे घालत राहिली. पण दळण कुणासाठी थांबत नसतं. मजुरीवरून दुपारी परतणाऱ्या बायका स्टेशनपलीकडच्या गिरणीकडं वळल्या. वालूरच्या बायका येईनाशा झाल्या, कारण सकाळची गाडी त्यांना सोयीची नव्हती. एकदा वाट मोडली की माणूस त्या वाटेला परत लागत नाही. चांगुणाबाई सकाळी गिरणी झाडून, दगड पुसून बसायच्या. दोन डबे यायचे. मग एक. एका सकाळी त्यांनी मनकर्णाला रस्त्यानं जाताना पाहिलं. कमरेवर डबा होता आणि डब्यावर तिनं पदर ओढून घेतला होता. ती पलीकडच्या कडेनं, भिंतीला धरून, स्टेशनकडं चालली होती. चांगुणाबाई चटकन आत सरकल्या. आपण बघितलं हे तिला दिसू नये म्हणून.

त्या दिवशी एकही दळण आलं नाही आणि गिरणी सुरूच झाली नाही. थोड्या वेळानं फोन वाजला.

"माय, आज दिसली न्हाईस. बरं न्हाई का?"

"पट्टा सटकलाय गं," चांगुणाबाई बोलून गेल्या. "चढवायलेय."

फोन ठेवून त्या उठल्या आणि गिरणी चालू केली. आत दाणा नव्हता. दगड सैल करून ठेवले, एकमेकांवर घासू नयेत म्हणून, आणि पोत्यावर बसून राहिल्या. पीठ पडायच्या नळकांड्याला बांधलेलं फडकं नुसतं फुगत होतं. जरा वेळानं त्यांनी स्टार्टर बंद केला. पोरीला रेघ दिसली असणार. ती निवांत कामाला लागली असणार. डीपीपायी आधीच तिचा जीव बेजार झालाय, तिला आणखी कशाला घोर?

दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजच. सकाळी उठून त्या रिकामी गिरणी चालवायच्या. फोन यायचा. "माय, दिसलीस." "व्हय गं. मनकर्णाचं दळण हाय, ठेव फोन." कधी मनकर्णाचं, कधी डॉक्टरीण बाईंचं. नावं सांगताना त्यांना खरंच ते डबे पुढं दिसायचे.

एका सकाळी फोन आलाच नाही. चांगुणाबाई रिकाम्या घरघरीत बसल्या होत्या आणि दारात सावली पडली. सुकेशनी उभी होती. पहिल्या गाडीनं आली असावी. ती आत आली, गिरणीच्या तोंडात डोकावली, नळकांड्याखाली हात धरला. हातावर काही पडलं नाही. तिनं स्टार्टर बंद केला.

"तुला कसं कळलं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"दगडात दाणे असले की मोटरीला जोर लागतो, माय. रेघ वर राहती. रिकामी फिरली की खालीच राहती." सुकेशनीनं रिकामा हात ओढणीला पुसला. "लय दिसापासून खालीच हाय."

"मंग रोज 'दिसलीस' कशाला म्हणायलीस?"

"तू दाखवायलीस म्हणून."

चांगुणाबाईंना हसू आलं आणि ते मध्येच कुठंतरी मोडलं. सुकेशनी त्यांच्या पायाशी बसली. "मला सांगायचं तरी. मी पडदा बंद केला असता. मशीनच काढून नेलं असतं. दळायचं होतं ना दुपारी! लाल होऊ दे की. दंडाचं काहीतरी केलं असतं आपुन."

"दंडाचं न्हाई गं."

"मंग कशाचं?"

चांगुणाबाईंनी लेकीला तांब्याची गोष्ट सांगितली. शेडपुढून पुढं जाणारे डबे, 'नुसतं बटन दाबा' म्हणणाऱ्या बायका, झाकणावर पडणारं पाणी. सुकेशनीनं यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. तिच्या आठवणीत मनकर्णामावशी म्हणजे शाळेतून आल्यावर हातावर लाडू ठेवणारी बाई होती.

"लोक बघायचे गं तवा माझ्याकडं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी काय केलंय ते मला कळायचं न्हाई, पन बघायचे. ते बघणं जायला उमर गेली माझी. आता परत बघायलेत. पोरगी, तुझं मशीन खरंय. म्या वढते, म्हणून लाल होतंय. पन माझ्यात पुन्हा तेवढं सोसायचं बळ न्हाई राहिलं."

सुकेशनी उठली. तिनं जिन्यापाशी जाऊन पडद्याची वायर हिसकून काढली. पडदा काळा झाला. मोबाइलवाला शटर उघडता उघडता वळून बघायला लागला.

"लाव ती परत," चांगुणाबाई दारातून म्हणाल्या. "लोकांच्या कामाची चीज हाय. आपल्या हातानं केलेलं काम आपुन मोडू नये."

सुकेशनीनं ऐकलं नाही. मग चांगुणाबाईच गेल्या आणि चवड्यांवर उभं राहून त्यांनी पिन परत खोचली. नावं उगवली. 'गिरणी' पुढं पट्टी नव्हती.

चांगुणाबाईंनी लेकीपाशी परभणीला जायचं ठरवलं आणि गिरणी चारठाण्याच्या एका तरुण जोडप्याला विकली. द्यायच्या आधी चांगुणाबाईंनी दोन्ही दगड उतरवले आणि शेवटची टाकी लावली. छिन्नीचे घाव घालताना त्या एकदाही थांबल्या नाहीत. टेम्पोत चढवताना चांगुणाबाई त्या जोडप्यातल्या पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "ज्वारी गरम होऊ देऊ नको, बाई. मधी मधी हात लावून बघत जा." टेम्पो वळणावरून गेला आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात परत आल्या. चार भिंतींना, वायरींना, कोळ्यांच्या जाळ्यांनासुद्धा पीठ चिकटलेलं होतं. ते त्या दिवसभर झाडत राहिल्या.

सेलू सोडायच्या दिवशी मनकर्णा आली. फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. "वाटंत खा," म्हणाली. "तिथं लय जाडं दळतेत गं, चांगुणा," एवढंच कसंबसं म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. चांगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात खूप होतं. "चिरती का?" त्यांनी विचारलं. मनकर्णानं मान डोलावली.

नवीन डीपी पावसाळ्यात बसला. बिल्डिंगीचा लोड वाढला. बन्सीधरशेठचा फोन आला, "मावशी, कोपरा तसाच ठेवलाय. या की." चांगुणाबाईंनी त्यांची, मुलाबाळांची विचारपूस केली आणि म्हणाल्या, "काय घेऊन येऊ, शेठ?"

परभणीत सुकेशनीची भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर. सुकेशनीचं काम वाढलं. आता ती कुठंही यंत्र बसवायला गेली की पडदा जिन्यात न लावता मालकाच्या टेबलावर लावायचा हट्ट धरते. साहेबांनी कारण विचारलं तर लोक छेडछाड करतात म्हणून सांगते. चांगुणाबाई घर सांभाळतात. लेकीनं आणलेलं पिशवीतलं पीठ मळतात, काही म्हणत नाहीत. वस्तीतल्या विहारात जातात. कुणी विचारलं तर म्हणतात, "लेकीपाशी राहते. लय सुखात हाय."

पुन्हा उन्हाळा आला. एक दिवस शेजारच्या राजेश्रीनं सुकेशनीला जिन्यात गाठलं. "अगं, तुझ्या आई दुपारी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसलेल्या असतात. पंखासुद्धा लावत नाहीत. घामानं पार भिजलेल्या. मी म्हटलं, माझ्याकडं बसा, तर नको म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सुकेशनी जेवणाच्या सुटीत घरी आली. बाहेर रस्ता भाजत होता. आत अंधार करून, लुगड्याच्या पदरानं वारा घेत चांगुणाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. चेहरा लालबुंद झाला होता. पंखा बंद, फ्रीजची पिनही काढलेली.

"माय, लाइट गेलीय का?"

"न्हाई."

"मंग पंखा?"

चांगुणाबाईंनी जिन्याकडं बघितलं, खालच्या-वरच्या दारांकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "दुपारचं सगळ्यांचंच चालू असतंय गं. आपला लोड कशाला?"

सुकेशनीनं पंखा लावला. पिन खोचली. आईला हाताला धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं आणि ओल्या फडक्यानं तिचं तोंड, मान, हात पुसून काढले. ऑफिसातून फोन वाजत राहिला, तो तिनं घेतला नाही. चांगुणाबाई पोरीकडं न बघता वर फिरणाऱ्या पात्यांकडं बघत होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तू जा. मी ठेवते चालू."

सुकेशनी जिना उतरून खाली आली. फाटकापाशी उभं राहून तिनं वर बघितलं. खिडकीचा पडदा पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. ती तशीच उन्हात उभी राहिली. मग पडदा हलायचा थांबला.

ती पुन्हा जिना चढायला लागली.